बग्गीपुलाची मधली कमान

"डबा उघडा," मी म्हणाले.

सिद्राम मेस्त्री थांबले. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. बागेच्या दगडी फाटकातून माणसं घरी निघाली होती, बायका रिकाम्या पाट्या घेऊन, गडी सायकली ढकलत. त्या सगळ्यांच्या देखत मी त्यांना अडवलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डबा खाली ठेवला आणि झाकण काढलं. आत गूळ होता, ढेपेतून फोडलेला चांगला शेरभराचा खडा.

"हा कुठं चालला?"

"कामालाच, बाई."

"काम इकडं पुलावर आहे. गूळ तिकडं कुठं चाललाय?"

"पान्याला लागतोय. पानी आदी मुरवाय पायजे, पिकाय पायजे. मग ते चुन्यात..."

"मेस्त्री, मला इंजिनिअरिंग शिकवू नका."

त्यांनी झाकण लावून डबा उचलला आणि खाली मान घालून परत आत, आमराईच्या बाजूला निघून गेले. मी त्यांना जाऊ दिलं, कारण डब्यात सिमेंट नाहीतर खिळे सापडतील अशा तयारीनं मी उभी होते. गूळ सापडल्यावर काय करायचं ते मला सुचलंच नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, आणि जिभेनं तिखट. तिखट उगीच नव्हते. पहिल्याच नेमणुकीत एका ठेकेदारानं "ताई, ताई" करत मला सिमेंटमध्ये राख मिसळून दिली होती. भिंत नखानं उकरता येत होती. मेमो मला मिळाला, आणि कचेरीत चहा पिताना लोक म्हणाले, बाईमाणूस, तिला कोणीही बनवावं. दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

आंबेघोळला माझी बदली झाली ती इनामदारांच्या पुलासाठी. गावाबाहेर त्यांची बाग होती. बाग म्हणायची, पण तीनशे एकरांचा पसारा: आमराई, तळं, घोड्यांची पागा आणि मधोमध बंगला. इनामं खालसा झाली तसे इनामदार पुण्याला गेले, बंगल्यात शेतकी शाळा आली, पागेत वटवाघळं. मधून ओढा वाहायचा आणि त्यावर काळ्या दगडाचा तीन कमानींचा पूल होता. इनामदारांची बग्गी त्यावरून यायची म्हणून लोक त्याला बग्गीपूल म्हणायचे. मी सुंदर वगैरे शब्द सहसा वापरत नाही. तो पूल सुंदर होता. मधल्या कमानीत पिंपळाची मुळी शिरली होती आणि त्यात फेब्रुवारीत उसाच्या ट्रॉलीचं चाक वरून खचलं. निम्मी कमान ओढ्यात पडली.

आमचे कार्यकारी अभियंता देवस्थळी साहेब. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बाबर, पूल जुना आहे, वरून चुन्यातच बांधा असा हुकूम आहे. पावसाआधी कमान उभी राहिली तर ठीक. नाहीतर जूनमध्ये सुरुंग लावून सगळंच उडवायचं, पाईप टाकायचे आणि मोकळं व्हायचं."

चुन्यात दगडाची कमान बांधणारा माणूस त्या मुलखात एकच उरला होता. सिद्राम मेस्त्री, राहणार मुगेवाडी, बागेपासून अडीच कोस. साठीच्या पुढचे, गळ्यात लिंग, दारूला जन्मात न शिवलेले. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, नाव होतं. भोवतालच्या दहा-बारा गावांत सिद्राममेस्त्रीची विहीर म्हटलं की लोक बिनधास्त पोरांना पोहायला पाठवायचे. त्यांच्या धाकट्या लेकीचं, शेवंताचं लग्न निपाणीकडच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं. हुंडा नाही, बोलाचाली नाहीत, मेस्त्रींचं नाव ऐकून त्यांनीच येऊन मागणी घातली होती. हे मला कामावरच्या बायकांनी सांगितलं. मेस्त्री स्वतःहून कधी काही सांगायचे नाहीत आणि तीच गोष्ट मला खटकायची. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मी धरूनच चालायचे. तेव्हा मी त्यांच्याबद्दल बोलताना "तो" म्हणायचे, हेही सांगून टाकते.

मेस्त्रींनी सामान लिहून दिलं तेव्हा मी यादी दोनदा वाचली. चुना, वाळू, विटांची भुकटी ठीक. पुढं गूळ, उडीद, बेलफळं आणि हिरडे. मी विचारलं, पूल बांधताय की लग्नाचा स्वयंपाक करताय? सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत. म्हणाले, आमच्यात असंच करतात.

कामावर हजेरी लिहायला पोतदार अण्णा होते. मनानं वाईट माणूस नव्हे, पण दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय हे बघितल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. गूळ चुना मळायच्या घाणीवर कमी जातो आणि कोठीतून जास्त निघतो हे त्यांनीच माझ्या कानावर घातलं. मी पाळत ठेवायला लागले. ढेपेवर पेन्सिलीनं खुणा करायचे आणि संध्याकाळी येऊन बघायचे. खूण नाहीशी झालेली असायची. चुन्याच्या घाणीत बैल फिरताना मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मेस्त्री मूठभर गूळ घालायचे, कधी तेवढाही नाही. मग बाकीचा जातो कुठं?

"मॅडम," पोतदार अण्णा एकदा म्हणाले, "मेस्त्रीनं गेल्या महिन्यात कुंभाराकडनं पाच रांजण नेलेत. गूळ आणि रांजण एकत्र आले की तिसरं काय होतं, हे मी सांगायला पाहिजे का?"

नको होतं. त्या बाजूला हातभट्टीचा सुळसुळाट होता आणि गुळाशिवाय हातभट्टी लागत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला सगळं एकदम जुळलं. डबा, गूळ, रांजण, गप्प बसणं. सोमवारी मी साहेबांना पत्र लिहिलं. सरकारी मालातून दारू गाळली जात असल्याचा दाट संशय आहे, असं त्यात होतं. बुधवारी सकाळी शाळेच्या फोनवर साहेबांचा फोन आला. शाब्बास म्हणाले. एवढ्या वर्षांत कुणाला हे दिसलं नव्हतं ते तुम्ही पकडलंत, मी पोलिसांशी बोलतो, तुम्ही फक्त जागा हुडकून ठेवा. मी खरं सांगते, तो "शाब्बास" ऐकून माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेस्त्री पागेकडे निघाले तशी मी लांबून मागं गेले. ते आत दहा मिनिटं होते. ते परतल्यावर मी आत गेले. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथं इनामदारांची घोडी बांधत, तिथं पाच रांजण गळ्यापर्यंत मातीत पुरलेले होते. तोंडाला फडकी बांधलेली, वर ओलं गोणपाट. मी एकाचं फडकं सोडलं. भपकन आंबूस वास आला. मी तिथं काही वेळ होते. मग फडकं बांधलं, पुलावर परत आले आणि शाळेत जाऊन साहेबांना फोन लावला. पागेत आहे म्हणून सांगितलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला जीप आली. फौजदार, एक हवालदार, दोन शिपाई. मेस्त्री तेव्हा ढोल्यावर चढून दगड बसवत होते. ढोला म्हणजे कमान पुरी होईपर्यंत तिला खालून तोलून धरणारा लाकडी सांगाडा. दोन्ही बाजूंनी दगड वर चढत आले होते, मधला शेवटचा हातभर भाग उरला होता. त्यांना खाली उतरवलं आणि पागेकडं नेलं. सगळं काम थांबलं, माणसं मागोमाग गेली. मीही गेले.

शिपायांनी पहिला रांजण फोडला तेव्हा मेस्त्री पुढं झाले. ते ओरडले नाहीत. नुसते हात जोडले.

"फोडू नगा. आजून आठ दिसांत पिकलं आसतं."

"ऐकलंत?" हवालदार म्हणाला. "कबूलच केलं म्हाताऱ्यानं."

मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. चार रांजण फुटले, पाचव्यातलं पाणी पुरावा म्हणून कॅनमध्ये भरून घेतलं. तांबूस पाणी पागेच्या फरशीवरून वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं. मेस्त्रींना जीपमध्ये मागं बसवलं. शुक्रवार म्हणजे मुगेवाडीचा बाजार. पोलीस ठाण्याचा रस्ता बाजारातूनच जायचा. जीप तिथं गर्दीत अर्धा तास अडकली होती असं नंतर कळलं. मेस्त्री मागच्या बाकावर दोन शिपायांच्या मधे बसलेले सगळ्या बाजारानं बघितले.

पुढचं हसण्यासारखं आहे, मला हसू येत नाही एवढंच. ठाण्यातल्या एका शिपायाला पुराव्याचा मोह आवरला नाही. त्यानं आणि त्याच्या दोस्तानं मिळून कॅन अर्धा केला. शनिवारी दिवसभर दोघं लोटा घेऊन पळत होते. त्यांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी कॅनचा वास घेतला, जिभेवर थेंब ठेवला आणि म्हणाले, अहो ह्यात हिरडा आहे, बेल आहे, गूळ आहे, दारू कसली. जुने मेस्त्री चुन्यासाठी असं पाणी तीन आठवडे आंबवत ठेवतात, माझ्या वडिलांचं घर असंच बांधलंय. फौजदारानं रविवारी मेस्त्रींना सोडून दिलं. चूक झाली असं कोणी म्हटलं नाही. जा, म्हणाले.

पाणी पागेत लपवून का ठेवलं होतं, तेही तेव्हाच कळलं. कामावरच्या गड्यांनी वास घेतला असता तर कोणीतरी प्यायलंच असतं. मेस्त्रींच्या वडिलांच्या वेळी तसं झालं होतं, अख्खं काम आठवडाभर आडवं पडलं होतं. म्हणून ही माणसं पाणी नेहमी लांब आणि गुपचूप मुरवतात. त्यांनी मला फाटकात सांगायला सुरुवात केलीच होती. मी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सात वाजता मेस्त्री कामावर हजर. ते येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मुकादमानं विचारलं तर म्हणाले, अर्धी कमान सोडून मेस्त्री जात नाही. आधी मुरवलेलं पाणी खालच्या दगडांना संपलं होतं, पागेत सांडलं ते शेवटच्या दगडांचं. त्यांनी नवं पाणी घातलं, पण एकवीस दिवस कुठून आणायचे? मी म्हणाले, राहिलेला भाग सिमेंटमध्ये करू या. ते माझ्याशी बोलले नाहीत. मुकादमाकडं बघून म्हणाले, चुन्याला सिमिट धरत न्हाई. अकराव्या दिवशी त्यांनी पाणी काढलं आणि कमानीचे शेवटचे दगड बसवले. उन्हात ओली गोणपाटं टाकून स्वतः पहाऱ्याला बसायचे. त्या पंधरा-वीस दिवसांत ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मी काही विचारलं की मुकादमाला उत्तर द्यायचे आणि मुकादम बिचारा तेच मला सांगायचा. एकदा मी त्यांच्यासाठी चहा पाठवला. तो तसाच दगडावर गार झाला आणि त्यात मुंग्या पडल्या.

पोतदार अण्णांनीच एक दिवस खाली मान घालून सांगितलं, निपाणीकरांनी शेवंताचं मोडलं. आमच्या घरात दारूवाल्याची लेक नको म्हणाले. डॉक्टर काय म्हणाले ते मुगेवाडीपर्यंत पोचलंच नव्हतं. तिथं लोकांनी फक्त जीप बघितली होती. म्हातारा काहीतरी देऊन सुटला असं म्हणत होते. विहिरीच्या कामाचं एक बोलणं होतं, तेही फिसकटलं. अण्णा म्हणाले, मॅडम, आपली चूक झाली. मी म्हणाले, तुमची झाली. त्यांनी वाद घातला नाही.

तीन जूनला ढोला उतरवायचा ठरला. देवस्थळी साहेब स्वतः आले, शाळेचे हेडमास्तर आले, ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं जमली. ढोल्याच्या खांबांखाली लाकडी पाचरी असतात. त्या ठोकून काढल्या की ढोला चार बोटं खाली बसतो आणि कमान पहिल्यांदा आपल्या जोरावर उभी राहते. नाहीतर पडते. मुकादमानं साहेबांना सांगितलं की आमच्याकडं रीत आहे, पाचरी काढताना मेस्त्री कमानीखाली बसतो. जो बांधतो त्यानंच आपलं डोकं खाली ठेवायचं. मग गावानं पूल वापरायचा.

"मग बसा मेस्त्री," साहेब हसून म्हणाले.

सिद्राम मेस्त्री काठावर उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"का? काम कच्चं आहे?"

"काम कच्चं न्हाई, सायेब. पर दारूवाल्याच्या बसन्याला काय किंमत? मी बसलो काय आन् न बसलो काय."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, बांधणाराच खात्री देत नसेल तर मी ह्या कमानीवर सही करणार नाही, उद्या मुलं जातील वरून. सुरुंगवाल्यांना निरोप द्या आणि हा तमाशा आवरा.

मला पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही. माझं तोंड आपोआप उघडलं.

"साहेब, ती दारू नाही हे मला माहीत होतं."

"ते आता सगळ्यांनाच माहीत आहे."

"आता नाही. धाड पडायच्या आधी." मी मेस्त्रींकडं बघितलं. "बुधवारी मी पागेत गेले होते. फडकं सोडून मी पाणी चाखलं. तोंड आवळून आलं. आमच्या घरी पोट बिघडलं की आई हिरडा उगाळून द्यायची. मला चव लगेच कळली. हिरडा घातलेली दारू कोण विकेल, कोण पिईल? मला सगळं तिथंच कळलं होतं."

साहेब म्हणाले, "बाबर, हे नंतर बघू." मी थांबले नाही.

मेस्त्री दोन पावलं पुढं आले. धाडीनंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले.

"चाखलं हुतं?"

"हो."

"मग फोन का केला, बाई?"

"पत्र आधीच गेलं होतं. साहेब शाब्बास म्हणाले होते. आता चूक झाली म्हटलं तर सगळे हसतील असं वाटलं. लाज वाटली, मेस्त्री."

मला वाटलं शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं.

"हे हितं सांगून काय उपेग?" ते म्हणाले. "हितल्या मानसास्नी म्हाईत हाय. मुगेवाडीत या. चावडीम्होरं हुबं ऱ्हाऊन आसंच सांगा. मी निपाणीकरांस्नी बोलावतो. मानसं चांगली हायती, ऐकतील. तुमी सरकारी मानूस. तुमचं ऐकतील."

"येते."

"कवा?"

"येत्या सोमवारी. सकाळच्या एस.टी.नं."

"बगा हं, बाई."

"येते म्हणाले ना, मेस्त्री."

त्यांनी मान डोलावली. मग ओढ्यात उतरले आणि कमानीखाली जाऊन वाळूत मांडी घालून बसले. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. साहेब वरून हाका मारत होते, बाबर, बाहेर या, खात्याला जबाब कोण देणार. मी गेले नाही. मेस्त्री म्हणाले, हितं मेस्त्री बसतो, विंजनेर न्हाई. मी म्हणाले, बसू द्या. त्यांनी थोडं सरकून मला सावलीत जागा दिली.

मुकादमानं घण उचलला. एकेक पाचर सुटत गेली. शेवटची निघाली तेव्हा ढोला करकरला आणि चार बोटं खाली बसला. वरून चुन्याची भुकटी आमच्या दोघांच्या डोक्यावर पडली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मेस्त्री मान वर करून दगडांमधल्या एकेका सांध्याकडं बघत होते. कमान उभी होती. काठावरची माणसं आरडाओरडा करायला लागली आणि हेडमास्तरांनी नारळ फोडला. मला हुंदका आला. भीतीनं नव्हे, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. सगळं फिटलं असं मला त्या क्षणी वाटलं होतं.

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, त्या गावात जाऊन काही बोलायची गरज नाही, खात्याचं नाव येतं. मी बाहेरून जीपचं दार लावलं. ते कारण पुढं मला पुष्कळ वर्षं उपयोगी पडलं.

बग्गीपूल अजून उभा आहे. मी निवृत्त झाले, साताऱ्याला येऊन स्थायिक झाले, गुडघे दुखतात. मागच्या वर्षी भाच्यानं मोबाईलवर पुलाचा फोटो दाखवला. लोक तिथं आता लग्नाआधीचे फोटो काढायला जातात म्हणे. कठड्यावर पाटी आहे आणि तिच्यावर माझं नाव आहे, नावाआधी 'सौ.' लावलंय ते चुकून, मी लग्न केलंच नाही. भाचा म्हणाला, आत्या, तू ग्रेट आहेस, कमानीखाली बसली होतीस ना तू? ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी कमानीखाली बसले तिथपर्यंतच ती मी सांगते.

सोमवारी मी सकाळच्या एस.टी.त बसले होते. चांगली साडी नेसले होते. काय बोलायचं ते रात्री कागदावर लिहून पाठ केलं होतं. मुगेवाडीच्या फाट्याच्या अलीकडं वळण आहे, तिथून चावडी दिसते. चावडीपुढं जाजम अंथरलं होतं. वीस-पंचवीस माणसं बसली होती, पुढं चार-पाच जण जरीचे पटके बांधलेले, ते निपाणीकर असणार. बाजूला बायका होत्या. त्यांच्यात हिरव्या लुगड्यातली एक मुलगी खाली बघत बसली होती. मेस्त्री फाट्यावर आले होते. धुतलेलं धोतर, अंगात कोट. एस.टी. थांबली तसे ते दारापाशी आले आणि उतरणाऱ्या एकेका माणसाच्या मागं बघायला लागले.

त्या जाजमावर बसलेल्या माणसांपुढं उभं राहून, मला माहीत होतं आणि तरी मी केलं, हे म्हणायचं होतं. कमानीखाली बसणं मला जमलं होतं. मी खाली वाकले आणि चपलेचा अंगठा नीट करायला लागले. माझं डोकं खिडकीच्या खाली होतं. बाहेरून मेस्त्रींचा आवाज आला. ते कंडक्टरला विचारत होते, विंजनेरबाई आल्या न्हाईत का. कंडक्टर नवा होता, त्याला कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं घंटी मारली. गाडी हलल्यावरही मी बराच वेळ वाकलेलीच होते.

"बाई," कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "तुमचं मुगेवाडीचं तिकीट होतं ना?"

मी पर्स उघडली आणि म्हणाले, पुढच्या गावाचं द्या.